मालिका संपेपर्यंत

शैला,

मालिका संपेपर्यंत तुझ्या आईला काही सांगायचं नाही, असं तू माझ्याकडून कबूल करून घेतलं होतंस. ते मी कसं पाळलं आणि शेवटी त्याचं काय झालं, हे तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. बाकीचे म्हणतात, झालं ते बरंच झालं, मनाला लावून घेऊ नका. तू असं म्हणाली नसतीस. तू आधी म्हणाली असतीस, "नेमकं काय झालं ते क्रमाने सांगा," आणि ऐकून झाल्यावर भांडली असतीस.

म्हणून क्रमाने सांगतो. सुरुवात तारिणीपासून करावी लागेल, कारण आपला वाद तिच्यावरूनच सुरू झाला आणि तो तू अर्धा टाकून गेलीस.

वीसेक वर्षं तू कामगार नाट्यस्पर्धेतली नाटकं केलीस. मग मालिकांमध्ये कुणाची आत्या, कुणाची शेजारीण झालीस. चहाचा ट्रे घेऊन यायचं, एक टोमणा मारायचा आणि आत जायचं. घरी येऊन तू सांगायचीस, "आज पण ट्रेच होता. कप तेवढे नवीन होते." आणि वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तुला एकदम मंगळ मिळाला. मंगळावरच्या वसाहतीत हवा सांभाळणारी बाई, तारिणी. मुख्य भूमिका. चाकण-तळेगाव रस्त्यावर रिकाम्या पडलेल्या एका कारखान्याची शेड भाड्याने घेऊन त्या लोकांनी आत लाल माती पसरली होती. माझी पहिली शिफ्ट असली की मी निगडीहून तुला गाडीवर घेऊन निघायचो, मंगळावर सोडायचो आणि पुढे कंपनीत जायचो. हे वाक्य मी कंपनीत एकदा अगदी सहज बोललो, तर लोकांनी मला आठवडाभर सोडलं नाही.

गोष्ट तू मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलीस. जमिनीखालची वसाहत, नऊशे माणसं. पृथ्वीवरून रोज येणारे निरोप एक दिवस बंद पडतात, आणि ते एकट्या तारिणीला कळतं. ती कुणाला सांगत नाही. रोज सकाळी ती भोंग्यावरून निरोप वाचून दाखवते, आणि ते सगळे तिने स्वतः लिहिलेले असतात. यान निघालंय, धान्य येतंय, अमक्याच्या बहिणीला मुलगा झाला.

"ही बाई गुन्हेगार आहे," मी म्हणालो.

"का?"

"हवा किती दिवस पुरणार हे त्या नऊशे माणसांना माहीत असायला हवं. तो आकडा त्यांचा आहे. तिने दाबून ठेवायचा नाही."

"आणि कळल्यावर त्यांनी काय करायचं?"

"ते त्यांचं ते बघतील."

"म्हणजे तुम्ही सांगून मोकळे!" तू पानं मिटलीस. "आले आमचे मायक्रोमीटर."

माझी नोकरी तपासणी विभागातली. नग मापात असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं. नापास नग पास करून घ्यायला येणाऱ्या लोकांना मी हेच सांगत आलो. घरीही तेच. तुझं नाटक पडलं तर पडलं म्हणून सांगायचो, भाजी खारट झाली तर खारट. तू म्हणायचीस, तुमच्याशी संसार करणं म्हणजे रोज पहिला नग मंजूर करून घेणं.

पण तारिणीवर तू जी मेहनत घेतलीस ती मी बघत होतो. खोटं बोलणारी माणसं नजर चुकवतात, असं सगळे नट करतात, म्हणून तू ते करायचं नाही असं ठरवलंस. तुझी तारिणी समोरच्याकडे नीट बघायची, त्याचं पुरतं ऐकून घ्यायची, खोटं सांगायची आणि लगेच त्याला एक काम लावायची. हा पाइप धर, ती झडप पुसून घे. "काम मिळालेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही," तू म्हणालीस. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, लिहिणाऱ्यांनी लिहिलंही नव्हतं. मी ते तेव्हा नुसतं ऐकलं. छान आहे, असं म्हणालो नाही. एका माणसाला दिवसाला लागणाऱ्या हवेचा हिशेब तुमच्या लेखकाने चुकवलाय, हे मात्र मी तुला लगेच सांगितलं होतं.

पहिले काही भाग आपण तुझ्या माहेरी, चाकणच्या पुढे, मामींच्या खोलीत बसून पाहिले. तुझी आई, म्हणजे माझ्या मामी, खाटेवर, शेजारच्या पारूबाई जमिनीवर, तुझा भाऊ अशोक शिफ्टवरून आलेला, तुझी भावजय लता दारात. पारूबाई मंगळावर फार चिडल्या होत्या.

"आवं, पर तुमची शैला लई खोटं बोलती की!"

"माजी शैली न्हाई बोलत. ती बाई बोलती," मामी म्हणाल्या.

"तीच ती!"

"आन तू गं? डब्यात लाडू किती ऱ्हायलेत त्ये सुनंला सांगती का?"

अशोक इतका हसला की त्याला ठसका लागला. तू माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, "बघा. माझ्या आईला कळलं." मी म्हणालो, लाडू आणि हवा यात फरक आहे. तू म्हणालीस, "तो फरक तुम्हाला कधी तरी मोजून दाखवते."

ते राहिलं.

तुझे रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला आधी आत बोलावलं. तू बाहेर बाकावर बसून संवाद पाठ करत होतीस. डॉक्टर म्हणाले, "त्यांना किती सांगायचं, केव्हा सांगायचं, ते तुम्ही ठरवा. घाई नाही." घाई नाही, हे ते दोनदा म्हणाले. किती दिवस उरलेत, तो आकडा मी विचारला. त्यांनी आधी टाळलं, मी पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. लिहायला हात धजत नाही, असा आयुष्यातला हा पहिलाच आकडा.

घरी येईपर्यंत मी बोललो नाही. तू गवार मोडायला बसलीस. मी समोर पाट घेतला आणि सगळं सांगितलं, आकड्यासकट. तू हातातली शेंग मोडलीस, शीर काढलीस, ताटलीत टाकलीस आणि दुसरी घेतलीस.

"उद्या माझा समुद्राचा सीन आहे," तू म्हणालीस.

"मी काय म्हणालो ते कळलं ना तुला?"

"कळलं. उद्या माझा समुद्राचा सीन आहे. परवा सांगितलं असतंत तर?"

गवार संपेपर्यंत आपण दोघं तिथेच बसलो. शेवटी शेवटी मीही मोडू लागलो. तू माझ्या दोन-तीन शेंगा उचलून पुन्हा निवडल्यास, कारण मी शिरा नीट काढत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि शेडमध्ये दिव्यांच्या मागे बसलो. तारिणी मंगळावर जन्मलेल्या मुलांना समुद्र दाखवायचं कबूल करते, तो प्रसंग. यान निघालंय, त्यात बसून आपण सगळे जाणार, समुद्र बघणार. तिचं सगळ्यात मोठं खोटं. हे तुला घरी इतकं सहज येत होतं की आपली गौरीही ते तुझ्याबरोबर म्हणायची. त्या दिवशी तू "समुद्र" या शब्दाशी येऊन थांबायचीस. "ताई, पुन्हा घेऊ." पुन्हा थांबायचीस. दिग्दर्शक भला माणूस. त्याला वाटलं तू दमलीस. तू का थांबतेस हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिलो. शेवटच्या वेळी तू समोरच्या पोरीकडे बघितलंस, तोंड उघडलंस, काहीच आलं नाही. मग तू तिच्या हातात पाइप दिलास आणि म्हणालीस, "हा धर." दिग्दर्शकाने थांबवलं नाही. तेच त्यांनी दाखवलं.

त्या प्रसंगाबद्दल लोक जे बोलतात ते तुला ऐकायला हवं होतं. तू गेल्यावर भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस त्याच प्रसंगाशी येतो. "काय काम केलंय वहिनींनी! अभिनय वाटतच नाही." मी म्हणतो, हो. काय म्हणू? ज्या कामासाठी तू इतकी वर्षं ट्रे उचललेस, त्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रसंगात तू अभिनय करत होतीस की मी तुझा अभिनय मोडला होता, हे मला माहीत नाही. तुला विचारायचं होतं. विचारायची लाज वाटली.

परत येताना तू मागे बसून एकच वाक्य बोललीस. "आज तारिणी खोटं बोलायला विसरली. मी तिला बोलायला लावायचे आणि मधे तुमचा आवाज यायचा." मग तळवड्याचा चौक आला. तिथे सिग्नलला म्हणालीस, घरात कोथिंबीर नाहीये, घेऊन जाऊ.

आणि मग तो गॅलरीतला वाद. तू अंगावर शाल घेऊन बसली होतीस. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"तुम्ही मला त्या दिवशी सांगितलंत ते माझ्यासाठी, की तुम्हाला एकट्याला पेलेना म्हणून?"

"खरं ते खरं, शैला. तुला कळायला हवं होतं."

"मी ते नाही विचारलं."

मी कपडे काढायला उठलो. दोरीवरचे टॉवेल अजून ओले होते, तरी काढले. तो वाद तिथेच राहिला. आज उत्तर देतो. मला पेलेना म्हणून. डॉक्टरांच्या खोलीपासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते मी कसंबसं आणलं आणि तुझ्या पुढ्यात ठेवून मोकळा झालो. खरेपणाचं नाव दिलं. एक दिवस थांबलो असतो तर तुला समुद्राचा प्रसंग तुझ्या पद्धतीने करता आला असता. तेवढा एक दिवस तुझा होता.

तू मात्र राग धरला नाहीस. याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत, तेही आज मानतो. उलट तू दिग्दर्शकाला सांगितलंस की इथून पुढे तारिणीला खोटं जड जायला लागू द्या. लोकांना ते आवडलं. तुझ्यातली शक्ती जात गेली तशी तारिणी बसून बोलायला लागली, आणि प्रेक्षकांना वाटलं, काय विचार केलाय! शेवटच्या भागात ती सगळ्यांना खरं सांगते, तो भाग तू खुर्चीत बसूनच केलास. त्या दिवशी मला शेडमध्ये येऊ दिलं नाहीस. म्हणालीस, "तुम्ही नका. हे मला करू द्या."

दवाखान्यात तू मामींचा विषय काढलास. त्यांना तोवर फक्त अशक्तपणा म्हणून सांगितलं होतं.

"आईला सांगू नका. मी गेले तरी लगेच नका सांगू. अजून बरेच भाग दाखवायचेत. ती दर रविवारी मला बघते. बघू दे."

"म्हणजे मी खोटं बोलू?"

"तारिणीला दोन वर्षं शिव्या दिल्यात. आता करून बघा."

"किती दिवस?"

"मालिका संपेपर्यंत. मग तुमच्या मनासारखं करा." आणि हसलीस. "तुम्ही करालच."

मी हो म्हणालो. तुला हो म्हणताना तुझा हात हातात होता, एवढंच आठवतं.

तर ऐक, मी कसं केलं.

मुलगा नाही म्हणून विधी मीच केले. घाटावर केस काढायची वेळ आली तेव्हा मी नको म्हणालो. रविवारी मामींच्या समोर बसायचं होतं, आणि डोक्याचा गोटा बघून त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता. माझे चुलते चिडले. "बायकोसाठी चार केस देववत नाहीत तुला?" सुतकात कुणाच्या दारी जाऊ नये, तरी मी त्या रविवारी गेलो, कारण दर रविवारी जातो. न जाणं हेच एक सांगणं झालं असतं. मामींना सांगितलं, शूटिंगसाठी लडाखला नेलंय तुला, तिथला डोंगर मंगळासारखा दिसतो, फोनला रेंज नाही. मामींनी मान हलवली, आणि त्यांचं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मामी, मागच्या वेळचं लोणचं आहे का हो? गौरीला द्यायचंय." त्या उठल्या, बरणी काढायला गेल्या. शैला, तुझी युक्ती चालते. मला ती चालायला नको होती.

सगळी वाडी यात सामील झाली. पारूबाईंनी शपथ घेतली आणि पाळली. त्यांना काय यातना झाल्या असतील, देव जाणे. अशोकने पेपर बंद केला. पुढच्या भागाच्या आधी वाहिनीने तुझा हार घातलेला फोटो दाखवला, तेव्हा लता नेमकी फडकं घेऊन टीव्ही पुसायला उभी राहिली.

"आत्ताच धूळ दिसली का गं तुला?" मामी ओरडल्या. "हो बाजूला, शैली यायची व्हती."

लता पुसत राहिली. तिची पाठ हलत होती.

एकदा गौरीने अशोकमामाला फोन लावला आणि तो मामींनी उचलला. तुला माहीत आहे, आपल्या मुलीचा आवाज फोनवर अगदी तुझा. मामी म्हणाल्या, "शैले?" आणि गौरीच्या तोंडून निघून गेलं, "हं." पुढची दोन मिनिटं ती तू होती. थंडी आहे, स्वेटर घातलाय, लवकर येते. फोन ठेवून ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. आणि मी, शैला, ती बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "आठवड्यातून एकदा असं केलंस तर त्यांना बरं वाटेल."

"बाबा, मी आईचं काम करणार नाही," ती म्हणाली. "ते तिला जमायचं."

त्या क्षणी मला कळलं की मी कुठे येऊन पोहोचलोय. एकदा खोट्याला लागलो तर त्याचंही मी काम करून टाकलं. माप लावलं, वेळापत्रक लावलं. तू तारिणीला नऊशे माणसांची माया लावली होतीस, म्हणून ती बघवत होती. माझ्यात नुसती व्यवस्था होती.

मग शेवटचा रविवार आला. मी ठरवलं होतं, भाग संपू द्यायचा, नावं सरकू लागली की सांगायचं. तुझ्या शब्दाप्रमाणे. वाहिनीच्या माणसालाही विनंती केली होती की या खेपेला फोटो शेवटी दाखवा, तर तो लगेच हो म्हणाला. अशोकला दुसरी शिफ्ट होती. घरात मामी, लता आणि मी. मामींनी केस विंचरून घेतले होते, लुगडं बदललं होतं. टीव्ही लावलेला होता, जाहिराती चालू होत्या.

"पाव्हणं, आज शेवटचा हाय म्हनं."

"हो."

"ती बाई मरनार का वो?"

"माहीत नाही, मामी."

"तुमाला ठाव न्हाई? तुमच्या घरातली बाई हाय ती!"

"मला सांगत नाही ती."

"मंग फोन लावा. इचारा."

"रेंज नसते तिथे."

"आज लागंल. लावा तर खरं." त्यांनी स्टुलावरचा माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "मरनार आसंल तर मी न्हाई बगायची. उठून देवळात जाते. पोटच्या पोरीला मरताना कुनी बगावं का? खोटं का आसंना. लावा."

मी फोन हातात धरून बसलो. तुझा नंबर अजून त्यात आहे, आणि तुझा फोन गौरी रोज चार्ज करते. लावला असता तर लागला असता. गौरीने उचलला असता, आणि मामी "शैले" म्हणाल्या असत्या तर ती पुन्हा "हं" म्हणाली असती. तिने नाही म्हटलं होतं, पण आजीला ती नाही म्हणू शकली नसती. मालिका संपायला एकच भाग राहिला होता. एक फोन केला असता तर तुला दिलेला शब्द पुरा झाला असता.

"मामी," मी म्हणालो, "शैला वारली."

लता आतून चहा घेऊन येत होती. ती होती तिथेच थांबली.

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. मग त्यांनी विचारलं, "कवा?" मी सांगितलं. त्यांनी मनाशी रविवार मागे मोजले असावेत, ओठ हलत होते.

"तिला ठाव व्हतं?"

"हो. मी सांगितलं होतं तिला."

"तिला सांगितलं तुमी," मामी म्हणाल्या. "मला न्हाई."

शैला, याला मी काय उत्तर देणार होतो? तुझं नाव पुढे करता आलं असतं. तुमच्या लेकीनेच शब्द घेतला होता, हे खरं होतं, आणि खरं बोलायची मला सवय. पण त्या वेळी ते बोलवलं नाही. तुला सांगून मी तुझा एक दिवस घेतला. त्यांना न सांगून त्यांचे किती घेतले, ते त्यांनी माझ्यासमोर ओठांवर मोजले होते. तू असतीस तर दोन्हींत फरक काय ते दाखवलं असतंस. मला तो अजून दिसत नाही. दोन्ही ठिकाणी मी होतो, एवढं दिसतं.

जाहिराती चालूच होत्या. मग मामी एकदम म्हणाल्या, "साडी कुनी दिली?"

मी म्हणालो, माहेरचीच होती. अशोकने आणली होती.

"हिरवी?"

"हिरवी."

"लाल काठाची?"

मी मान हलवली. लताने चहा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. तेव्हा मला कळलं, आणि ते मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. तू गेलीस त्या सकाळी अशोक चाकणहून साडी घेऊन आधी घरी आला होता. मामी ओट्यावर होत्या. त्यांनी पिशवी बघितली, कुणाचं लगीन काढलंस म्हणून विचारलं. तो म्हणाला, कंपनीतल्या एकाच्या बहिणीचं. त्यांनी साडी बाहेर काढून उलगडली होती, पोत बघितला होता, काठावरून हात फिरवला होता.

"मीच म्हनले त्याला, चांगली हाय," मामी म्हणाल्या. "पोरगी सुकी ऱ्हाईल म्हनले."

त्यांनी स्वतःचा उजवा हात उलटा केला, बघितला, मांडीवर ठेवला. सवाष्ण लेकीला शेवटची साडी माहेरने द्यायची, आईने हात लावून द्यायची. तो हात लागला होता. मला हायसं वाटायला लागलं, आणि तसं वाटतंय हे कळून माझी मलाच शिसारी आली. आम्ही त्यांच्यापासून सगळं लपवलं, आणि एवढं एक निसटून त्यांच्या हाताखालून गेलं, त्यात आमचं काही नव्हतं.

"लता," त्या म्हणाल्या, "पानी ठिव अंगुळीला."

"आत्या, आता एवढे दिवस झाले..." लता म्हणाली.

"तुमाला झाले. मी आज ऐकलं."

लताने गॅसवर पातेलं ठेवलं. मी बादली न्हाणीत नेऊन ठेवली. मामी भिंतीला धरत गेल्या, दाराशी थांबल्या, कानातल्या कुड्या काढून लताच्या हातात दिल्या आणि दार लोटून घेतलं. आधी तांब्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा. एकदा, दोनदा. मग तांब्या थांबला आणि मामींनी गळा काढला. तुझं लहानपणीचं नाव घेऊन. ते नाव मी लग्नाला इतकी वर्षं होऊन कधी ऐकलं नव्हतं, म्हणून इथे लिहीत नाही. ते तुमच्या दोघींचं.

खोलीत मालिकेचं संगीत सुरू झालं. मी रिमोट शोधला, खाटेवरच्या गोधडीखाली सापडला. तारिणी खुर्चीत बसली होती, समोर ती सगळी माणसं उभी होती. तू मला त्या दिवशी शेडमध्ये येऊ दिलं नव्हतंस, त्यामुळे हे मी पहिल्यांदाच बघत होतो. टीव्ही बंद करावा म्हणून बोट ठेवलं, आणि फक्त आवाज बंद केला.

तू बराच वेळ बोलत होतीस.